ड इमारतीचं मौन

आमच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर एका सकाळी जी सूचना लागली, तिच्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सूचना अशी होती : 'तांत्रिक कारणास्तव ड इमारतीने यापुढे फक्त ऐकून घ्यावे. इतर इमारतींना काहीही सांगू नये.' खाली सेक्रेटरींची झोकदार सही, आणि सहीच्याही खाली, माझं नशीब, 'मार्गदर्शन : अ इमारतीतील कॉम्प्युटरवाल्या बाई.'

कॉम्प्युटरवाली बाई म्हणजे मी. मुलगी होण्याआधी मी एका कंपनीत नेटवर्क सांभाळत होते. ही गोष्ट सोसायटीत कोणाला कळू नये म्हणून मी फार काळजी घेतली होती, कारण डॉक्टर आणि नेटवर्कवाले यांनी आपला धंदा शेजाऱ्यांना सांगायचा नसतो. पण एकदा सेक्रेटरींच्या घरचं वायफाय बंद पडलं असताना मी जिन्यातून जाता जाता म्हणून गेले की बंद करून पुन्हा चालू करून बघा. ते चालू झालं. त्या दिवसापासून सेक्रेटरी माझ्याकडे आदराने पाहू लागले, आणि ज्याच्याकडे आदराने पाहिलं जातं त्याला लवकरच काहीतरी फुकट करावं लागतं.

काम अगदी छोटं होतं. सोसायटीचं इंटरनेट मंद झालं होतं आणि ते का, एवढंच बघायचं होतं.

आमच्या चार इमारती आहेत, अ ते ड. प्रत्येकीच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, एक राउटर; पाचवा सोसायटीच्या ऑफिसात, कपाटावर. घराघरांतले इंटरकॉम, फाटकावरचे कॅमेरे आणि सगळ्यांचं इंटरनेट या पाच डब्यांतून चालतं. राउटर म्हणजे काय, असं सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की चौकात उभा असलेला माणूस समजा. येईल त्याला तो 'तिकडे जायचंय ना, मग असे जा' म्हणतो. बरं, त्याला हे रस्ते कुठून कळतात? तर शेजारच्या चौकातल्या माणसाकडून. ही मंडळी सतत एकमेकांना कळवत असतात, की माझ्या पाठीमागे अमुक घरं आहेत, माझ्याकडून तमुक ठिकाणी जाता येतं. आणि स्वभावाने ती इतकी भोळी असतात की शेजाऱ्याने सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं धरून चालतात. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे आपल्या ब इमारतीतल्या बायका." मी हसले नाही. ब इमारतीत ते स्वतः राहतात.

शोध घेतल्यावर दिसलं ते असं. ड इमारतीत एक निवृत्त अधीक्षक राहतात. कसले अधीक्षक ते कोणी विचारत नाही. ते सांगायला लागले तर दुपार जाते. त्यांनी स्वतःसाठी इंटरनेटची वेगळी लाइन घेतली होती, भारी राउटर आणला होता, आणि माहितीपुस्तक डोळ्यांखालून घालून त्यातले सगळे पर्याय चालू केले होते, कारण पैसे सगळ्या पर्यायांचे दिले होते. वर त्याची एक वायर त्यांनी जिन्याखालच्या सरकारी, म्हणजे सोसायटीच्या, राउटरला जोडली होती. का, तर जोडायला जागा रिकामी होती.

त्या क्षणापासून अधीक्षकांचा राउटर ड इमारतीच्या राउटरला ठणकावून सांगू लागला, की साऱ्या जगाकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता माझ्याकडून आहे. ड ने ते ऑफिसच्या राउटरला सांगितलं, ऑफिसने अ, ब, क ला. कोणी शहानिशा केली नाही. सगळी सोसायटी, तिच्यातली सगळी मुलं, सगळे सिनेमे, सगळ्या ऑनलाइन मीटिंगा अधीक्षकांच्या दिवाणखान्यातून, त्यांच्या टीव्हीशेजारच्या एका डब्यातून जाऊ लागल्या. आणि सोसायटीचं इंटरनेट मंद असल्याची पहिली लेखी तक्रार कोणाची होती? अधीक्षकांची. त्यांचं तर जवळजवळ बंदच पडलं होतं.

आता हे मला इतकं ओळखीचं का वाटलं, ते सांगायला हवं.

माझी मुलगी, तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती भिंतीच्या कडेकडेने चालते, तेव्हा दीड वर्षाची होऊन गेली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. शब्द राहू दे, आधी ती जे 'बाबाबा, दादादा' करायची तेही कमी झालं होतं. चेहरा हसरा, डोळे जिथल्या तिथे. पण मागून हाक मारली तर कधी वळायची, कधी नाही. मी निरीक्षण करणारी बाई आहे. कंपनीत मी रात्रंदिवस हिरवे-लाल दिवे बघत होते. आता मुंगीकडे बघत होते. ती जमिनीवर बसलेली असताना मी मागून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचे. वळली की वाटायचं, झालं, उगीच घाबरलो. मग शंका यायची, की वाटी जमिनीला टेकली होती का? जमिनीतून धक्का गेला असेल का? की वाटीत माझी सावली दिसली? वाटी हातात धरून वाजवली की ती वळायची नाही. मग मी मोठी वाटी घ्यायचे. असं करत करत मी कुकरच्या झाकणापर्यंत पोचले होते.

नवऱ्याने एवढंच म्हटलं, की कानाच्या डॉक्टरकडे दाखवून घेऊ. मी वेळ घेतली आणि पुढे ढकलली. पुन्हा घेतली, पुन्हा ढकलली. कारण दिलं की आधी आपली खात्री होऊ दे. खरं कारण हे, की वाटी-चमच्याच्या चाचणीचा निकाल मला रोज बदलता येत होता, डॉक्टरांचा बदलता आला नसता.

आणि नवऱ्याला मी बजावलं, की कोणाला कळता कामा नये. विशेषतः आईंना.

आई म्हणजे सासूबाई. त्या आणि सासरे ड इमारतीत राहतात. बाई वाईट नाहीत, पण त्यांना कळलं की नणंदेला कळतं, नणंदेकडून मावससासूबाईंना, तिथून दूरदूरच्या गावांतल्या लोकांना ज्यांना मी लग्नात एकदा पाहिलं. आणि राउटर जसा निरोप पुढे पाठवताना त्यात आपला एक आकडा मिळवतो, तसं प्रत्येकजण पुढे पाठवताना त्यात एकेक लक्षण मिळवतो. मुंगीला थोडी सर्दी झालेली होती तेव्हा चौथ्या घरी पोचेपर्यंत तिला दवाखान्यात ठेवलेलं होतं. त्या घरातून मला 'धीर धर' असा फोन आला होता.

शेजारच्या काकूंना तर काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी आपणहून ओळखलं आणि सल्ला सुरू केला. त्यांचा भाचा चार वर्षांचा होईपर्यंत ब्र काढत नव्हता, आता वकील आहे, आणि कोर्टात न्यायाधीश त्याला हात जोडून गप्प करतात. मग म्हणाल्या, तुमच्या घरात बोलणारी माणसं कमी, तू सारखी त्या कॉम्प्युटरसमोर, पोर शिकणार कोणाकडून. हेच सांगत त्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मुंगीने त्या सगळ्या वेळात एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. काकूंना वाटलं, पोर शिष्ट आहे. त्या गेल्यावर मी आणखी मोठी वाटी काढली.

तर सासूबाईंच्या बाबतीत मी ठरवलं, की त्यांचं ऐकायचं, आपलं सांगायचं नाही. त्या रोज दुपारी इंटरकॉमवर विचारायच्या, "आहात ना?" मी म्हणायचे, "आहोत." त्या म्हणायच्या, "बरं," आणि ठेवायच्या. एवढंच. लग्न झाल्यापासून मला या फोनचा अर्थ कळलेला नव्हता. दुसरं काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. आम्ही कुठे जाणार होतो? आधी मी त्यांना मुंगीचं काहीबाही सांगत असे, आज हे खाल्लं, आज तिथे चढली. ते हळूहळू बंद केलं. एकदा माणूस सांगायला लागला की कुठे थांबायचं ते हातात राहत नाही. मग मी तो फोन कधी उचलायचे, कधी पोरीला झोपवत्ये अशी समजूत करून घेऊन वाजू द्यायचे.

राउटरमध्येही अशी सोय असते. ज्या बाजूला काही कळवायचं नाही, त्या बाजूचं तोंड मौनात बसवता येतं. कंपनीत आम्ही त्याला पॅसिव्ह करणं म्हणायचो. मी ज्या जुन्या पद्धतीवर काम शिकले तिच्यात हे मौन फार सोयीचं होतं. मौनात बसलेलं तोंड सांगायचं काही नाही, पण ऐकायचं सगळं. म्हणजे, सुनेचं आदर्श तोंड.

मी बेत आखला तो असा. ड इमारतीच्या राउटरचं ऑफिसकडचं तोंड मौनात बसवायचं. मग अधीक्षकांची बढाई ड मध्येच राहील, बाहेर जाणार नाही. ऑफिसकडचे खरे रस्ते मात्र ड ला ऐकू येत राहतील. आणि ड मधल्या घरांकडे जायचा रस्ता तेवढा ऑफिसच्या राउटरवर मी हाताने लिहून ठेवायचा. कोणाच्या घरात जायला नको, कोणाची वायर उपटायला नको, कोणाला दुखवायला नको. कागदावर हा बेत इतका देखणा दिसत होता की मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघून घेतलं.

पण सोसायटीत कागदावरचा बेत आधी समितीपुढे ठेवावा लागतो. सभेत मी सांगितलं की ड चा राउटर यापुढे इतरांचे अपडेट घेईल, स्वतःचे देणार नाही. खजिनदारांनी विचारलं, की देखभाल खर्च सगळे सारखा भरत असताना एका इमारतीला वेगळा न्याय का? क इमारतीच्या प्रतिनिधींनी विचारलं, की ड ला मौन मिळणार असेल तर क ला का नाही, आम्ही किती वर्षं जिन्याचा रंग मागतोय. कोणीतरी नियमावली मागवली. नियमावलीत राउटर हा शब्द सापडला नाही, पण 'सभासदांमध्ये भेदभाव' हा सापडला. शेवटी सेक्रेटरींनी सगळ्यांना शांत केलं आणि ठराव स्वतःच्या शब्दांत लिहून घेतो म्हणाले. त्यांचे शब्द तुम्ही वर वाचलेच आहेत.

सूचना लागली त्या सकाळी अधीक्षक नोटीसबोर्डासमोर उभे राहून ती मोठ्याने वाचत होते, आणि ड इमारतीची माणसं त्यांच्यामागे जमली होती. मुंगीला कडेवर घेऊन मी तिथून जात होते. अधीक्षक मला म्हणाले, "बाई, आयुष्यभर मी सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. या वयात उलटं जमणार नाही." मी म्हटलं, काका, हे माणसांबद्दल नाही, राउटरांबद्दल आहे. त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. बोर्डावर राउटर कुठे होता?

तरी मी घरी आले आणि काम उरकून टाकलं. मुंगी माझ्या पायाशी झाकणं रचत होती. मी आमच्या अ इमारतीतून, माझ्या टेबलाशी बसून, ड च्या राउटरमध्ये शिरले, ऑफिसकडचं तोंड मौनात बसवलं, आणि खुर्चीत जरा मागे रेलले. अपमानित माणसाला काम नीट झाल्याचा जो आनंद होतो तो चाखत होते. अर्ध्या मिनिटाच्या आत माझ्या पडद्यावरचं ड मरून गेलं. काही टाइप करावं तर उमटेना. मी कळा बडवून पाहिल्या. मग मला आठवलं.

जुन्या पद्धतीत मौनी तोंड ऐकतं. पण सोसायटीत जे राउटर होते ते नव्या पद्धतीचे. या पद्धतीत शेजारी राउटर थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना नुसतं हॅलो म्हणतात. त्या हॅलोत बातमी नसते, रस्ता नसतो, काही नसतं. मी इथे आहे, एवढंच असतं. तो हॅलो यायचा थांबला की पलीकडचा थोडी वाट बघतो, आणि मग शेजारी गेला असं समजून त्याच्याकडून कळलेलं सगळं पुसून टाकतो. मौनात बसवलेलं तोंड हॅलोही म्हणत नाही. आणि समोरून कोणी म्हटलं तर ऐकतही नाही. या पद्धतीत जो बोलायचा थांबतो तो बहिराही होतो.

हे मला पाठ होतं. परीक्षेत यावर मी पूर्ण गुण मिळवले होते. पण हाताला सवय जुन्याची.

आता ड इमारतीला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. खऱ्या जगाचे सगळे रस्ते तिने पुसून टाकले होते आणि तिला माहीत असलेली एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे अधीक्षक. ड मधून कोणी इंटरकॉमवर अ ला फोन लावला तर तो सुद्धा अधीक्षकांच्या टीव्हीशेजारी जाऊन विरत होता. ऑफिसच्या राउटरवर हाताने लिहिलेल्या रस्त्याने माझे शब्द ड पर्यंत पोचत असतीलही, पण उत्तर परत यायचा रस्ता ड ला ठाऊक नव्हता. दुरुस्त करायचं तर एकच उपाय होता, ड च्या जिन्याखाली जाऊन, राउटरला स्वतः वायर लावून. ती खोली कुलपात. किल्ली ड च्या प्रतिनिधीकडे. ड चे प्रतिनिधी कोण, हे सांगायची गरज नाही.

मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, किल्लीसाठी अधीक्षकांना लेखी विनंती करावी लागेल, आणि ते सध्या काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नाहीत, कारण ते सूचनेचं तंतोतंत पालन करत आहेत, फक्त उलट बाजूने. ड मधून दोन माणसं आली होती, त्यांनी तसं कळवलं होतं.

दुपार झाली होती. काय करावं कळेना, तेव्हा माणूस हाताशी असलेलं काम करतो. मी वाटी आणि चमचा घेऊन मुंगीच्या मागे बसले. ती दाराकडे तोंड करून, दाराच्या अगदी जवळ, झाकणांशी खेळत होती. मी वाटी वाजवली. नाही. जोराने. नाही. मग दारावरची बेल वाजली. ती बेल मुंगीच्या बरोबर डोक्यावर आहे आणि तिचा आवाज असा आहे की पाहुणे स्वतः दचकतात. बेल वाजत राहिली. मुंगीने एका झाकणावर दुसरं झाकण ठेवलं.

मी वर पाहिलं. आतलं लाकडी दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं तेवढं बंद. जाळीतून सासूबाई बघत होत्या. बेलवर बोट तसंच होतं. दुसऱ्या हातात फडकं. भांडी पुसता पुसता तशाच निघालेल्या. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं, आणि बोट काढून घेतलं.

मी दार उघडलं. त्या म्हणाल्या, "इंटरकॉम लागेना. म्हटलं, बघून यावं." मग आत येऊन जमिनीवर बसल्या, मुंगीच्या समोर. मुंगी त्यांना पाहून हसली आणि झाकण पुढे केलं. त्यांनी ते घेतलं.

"कधीपासून?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मी काहीतरी बोलणार होते, की सर्दी आहे, झोप झालेली नाही. माझ्या तोंडून निघालं, "माहीत नाही, आई."

"मला वाटत होतं," त्या म्हणाल्या. "मागे तिला खेळवत होते तेव्हाच. वाट बघत होते तू सांगशील म्हणून. तू सांगेनास. मग मला वाटलं, तुला आवडत नसेल आम्ही विचारलेलं. मग मीही विचारलं नाही. रोजचं आहात ना तेवढं ठेवलं. तेही तू हल्ली उचलत नाहीस."

मी त्यांना सांगणार नाही, त्या मला विचारणार नाहीत. दोन्हीकडून मौन, आणि दोघींनी एकमेकींना पुसत आणलेलं. हीच चूक मी सकाळी एका डब्यावर केली होती, आणि त्या डब्यावर निदान कुलूप होतं, आमच्या मध्ये तेही नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, आणि अगदी सहज, फडक्याने झाकण पुसत म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचंही असंच होतं. सर्दी झाली की कान भरायचे, आणि मग वर्गात बाई ओरडल्या तरी पत्ता नाही. सगळे म्हणायचे, हट्टी आहे. मीही दोन रट्टे दिलेत. पुढे कळलं की पोराला ऐकूच येत नव्हतं."

नवऱ्याला यातलं काही आठवत नव्हतं. संध्याकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, रट्टे तेवढे आठवतात.

हिचंही तेच असेल असं नाही, हे त्याही म्हणाल्या. दुसरं काहीही असू शकेल. म्हणूनच उद्या जायचं. मी म्हटलं, उद्याची वेळ मिळणार नाही. त्या म्हणाल्या, "न मिळायला काय झालं? तिथे जाऊन बसू. बसलेल्या म्हातारीला कोणी उठवत नाही." मग उठल्या, फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं की आता आमचा इंटरकॉम कोणी बंद पाडलाय.

मी सांगितलं. सगळं. त्यांना अर्ध्याहून जास्त कळलं नसावं, पण त्यांनी मुद्द्याचं तेवढं उचललं, की किल्ली हवी आहे. मुंगीला कडेवर घेतलं आणि निघाल्या. मी लॅपटॉप आणि वायर घेऊन मागे. अधीक्षकांच्या दारात त्यांनी विनंतीही केली नाही, कारणही दिलं नाही. म्हणाल्या, "भाऊसाहेब, जिन्याखालची किल्ली." अधीक्षकांनी दिली. मला वाटतं, आयुष्यभर ज्यांनी सांगितलं आणि लोकांनी ऐकलं, त्यांना हा सूर ओळखता येतो.

फक्त ते किल्लीबरोबर खाली आले. मीटरच्या खोलीत आम्ही चौघं मावत नव्हतो. सासूबाईंनी मोबाइलचा उजेड धरला, तोही बहुतेक वेळ माझ्या डोळ्यांवर. मुंगी राउटरचे लुकलुकणारे दिवे बघून हात पुढे करत होती. मी ऑफिसकडच्या तोंडाचं मौन काढलं. थोड्याच वेळात दोन्ही राउटर पुन्हा हॅलो म्हणाले, एकमेकांना ओळखलं, आणि पुसलेले रस्ते एकेक करून परत आले. मग मी अधीक्षकांच्या वायरचं तोंड मौनात बसवलं. ते आधीपासूनच करायला हवं होतं. तिथे नव्या पद्धतीचं पुरं मौनच हवं होतं. त्यांनी सांगितलेलं कोणी ऐकायला नको आणि त्यांना काही सांगायला नको.

अधीक्षक माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता माझ्या राउटरला कोणतेच अपडेट मिळणार नाहीत?"

मी म्हटलं, काका, तुमचा राउटर आता स्वतंत्र आहे. तो कोणाचं ऐकत नाही, त्याला कोणाला विचारावं लागत नाही.

त्यांनी यावर विचार केला. मग मान डोलावली आणि म्हणाले, की पहिल्यापासून त्यांची हीच मागणी होती. दुसऱ्या दिवशी नोटीसबोर्डावर नवीन सूचना लागली, 'अधीक्षकांचे यंत्र स्वतंत्र जाहीर करण्यात येत आहे.' आता क इमारत स्वातंत्र्य मागते आहे, पण ती वेगळी कटकट आहे.

डॉक्टरांकडे आम्ही खरोखर जाऊन बसलो, आणि म्हातारीला खरोखर कोणी उठवलं नाही. डॉक्टरांनी मुंगीच्या कानात दिवा घालून पाहिलं, एका लहान यंत्राने पडदा हलतो का ते पाहिलं. पडद्यामागे दोन्हीकडे पाणी साठलेलं होतं. मुलांत होतं असं, म्हणाले. आत पाणी, आणि बाहेरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे. औषध देऊ, वाट बघू, नाही उतरलं तर एक छोटीशी नळी घालू. मी विचारलं, बोलेल ना? ते म्हणाले, आधी ऐकू द्या. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. खात्री त्यांच्याकडेही नव्हती, पण एवढं कळायला मला कुकरचं झाकण लागलं नाही, एवढा फरक होता.

पाणी औषधाने उतरलं नाही. नळी घालावी लागली. त्या सगळ्या दिवसांत कोणाला काय सांगायचं याचा मी पुन्हा विचार केला. सगळ्यांना सगळं सांगावं, असं मला आजही वाटत नाही. अधीक्षकांची वायर मी उगीच मौनात बसवलेली नाही. पण कुठलं तोंड बंद करायचं हे बघायला आधी जिन्याखाली उतरावं लागतं. नणंदेला सासूबाईंनी सांगितलं, माझ्यासमोर, आणि शेवटी म्हणाल्या की हे पुढे जायचं नाही. गेलंच. मावससासूबाईंचा 'धीर धर' आला. मी या वेळी तो धरला. काकूंना आम्ही काही कळवलं नाही. त्यांनी तरीही सांगितलं की त्यांच्या वकील भाच्यालाही नळीच घातली होती, आधी सांगायचं राहून गेलं.

नळी घातल्यानंतरची एक दुपार. मुंगी खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून, झाकणं रचत होती. वाटी-चमचा मी कपाटात वर ठेवून दिले होते, हात पोचू नये इतके वर. इंटरकॉम वाजला. मी उठणार तेवढ्यात मुंगीचा हात मध्येच थांबला. तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, भिंतीकडे, इंटरकॉमकडे. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं, की वाजतंय ते, उचलत का नाहीस.

मी उचललं. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "आहात ना?"

मी रिसीव्हर कानाला धरून मुंगीकडे बघत होते. आहोत, एवढा एकच शब्द होता, रोजचा. तो म्हणायचा राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं, आहात ना. थोडी वाट बघितली. मग खट्कन ठेवून दिला.

जरा वेळाने जिन्यात चपलांचा आवाज आला, बेल वाजली, आणि मुंगी दचकून रडायलाच लागली. मी तिला उचलून दार उघडलं. दारात सासूबाई, धापा टाकत, आणि त्यांच्यामागे जिन्याच्या दोन पायऱ्या खाली अधीक्षक, हातात जिन्याखालची किल्ली घेऊन.

"पुन्हा बंद पाडलंस का गं?" सासूबाईंनी विचारलं.